पॅडची वर्गणी जमतेय, पण गावाकडं पाठवायचं नेमकं काय?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी मूळची बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातली, आता पुण्यात. गणपतीत आमच्या सोसायटीत वर्गणी काढून गावच्या जिल्हा परिषद शाळेला वह्या-दप्तरं पाठवायची आमची जुनी पद्धत. यंदा बायकांच्या ग्रुपवर निघालं की वह्या पुष्कळ झाल्या, या वेळी पाळीचे पॅड पाठवू. शाळेत आठवीपर्यंत वर्ग आहेत, वयात आलेल्या मुली साठेक असतील. शिवाय दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, त्या बायकांसाठीही काही करता आलं तर बघायचंय.

पैसे बरे जमतील असं दिसतंय. घोडं अडलंय ते पुढं. बाजारातली पाकिटं घ्यायची, की धुऊन वापरायचे कापडी पॅड? की पाळीत आत बसवायचे, धुऊन पुन्हा वापरायचे कप द्यायचे? वस्तू पाठवायच्या की पैसे? आणि द्यायचं कुणाच्या हातात? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. नुसतं 'छान उपक्रम' लिहिलंत तर राग नाही, पण उपयोगही नाही.

उंटावरचा शहाणा
छान उपक्रम.

गोदाकाठची
वाटलंच होतं.

नांदेडची मुग्धा
आधी हिशेब बघ. दिवसाला चार पॅड धरले आणि पाच दिवस, तर महिन्याला वीस. वर्षाचे २४० एका मुलीमागं. साठ मुलींचे १४,४०० होतात. दुकानातला बरा पॅड पाच-सात रुपयांच्या खाली येत नाही, म्हणजे सत्तर हजारांच्या पुढंच गेलीस. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचे पॅड मिळतात, ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक. त्यात तेच काम साडेचौदा हजारांत बसतं. पण एकदम एवढा माल केंद्रात नसतो, आधी सांगून ठेवावं लागतं. आणि मोठ्या ब्रँडइतके जाड नसतात, जास्त अंगावर जाणाऱ्या मुलीला रात्री पुरत नाहीत. थोडे रात्रीचे वेगळे घे.

खवचट काका
हे सरकारचं काम नाही का? आशाताईंकडं सहा रुपयांत सहा पॅडचं पाकीट मिळायचं, 'फ्रीडेज' की काय नाव होतं. मग २०१८ च्या महिला दिनाला अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ. पॅडवरचा जीएसटीसुद्धा त्याच वर्षी जुलैत काढला. एवढं सगळं असताना पुण्याच्या सोसायटीनं वर्गणी काढायची म्हणजे यंत्रणेला झोपायला उशी दिल्यासारखं आहे.

नांदेडची मुग्धा
काका, उशी न देतासुद्धा ती झोपलेलीच असते.

अंगणवाडीताई
काकांचं चूक नाही, पण कागदावर योजना असली म्हणून गावात पाकीट असतंच असं नाही. कधी दोन महिन्यांचा माल एकदम येतो, कधी सहा महिने येतच नाही. मधल्या महिन्यांत पोरींनी काय करायचं? पाळी काही जीआरची वाट बघत नाही.

गोदाकाठची ताई, मी तुम्हाला वेगळंच सांगते, हसू नका. चड्ड्या पाठवा.

खरंच. चिकटवायचा पॅड चड्डीला चिकटतो. आमच्या वाडीवरच्या कितीतरी पोरींकडं दोनच चड्ड्या, त्यातल्या एकीची इलॅस्टिक गेलेली. एक अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरची वाळत नाही. ढिल्या चड्डीवर पॅड सरकतो, डाग पडतो, पोरगी त्या दिवशी घरी बसते. वाटप करून गेलेल्या मंडळींना वाटतं पॅड दिले, झालं काम. घरात पोरीच्या चड्डीचा नंबर सगळ्यात शेवटी, आधी भावाची पँट, मग बापाचं बनियन. आईच्या परकराचा तर विषयच नको.

जालन्याचा भाऊ
ताई, हे मला आयुष्यात सुचलं नसतं. दोन बहिणी आहेत मला तरीसुद्धा.

उंटावरचा शहाणा
आता सोसायटीच्या नोटीस बोर्डावर काय लिहायचं? 'गणेशोत्सवानिमित्त चड्ड्यांची वर्गणी.' सेक्रेटरींची सही घेताना फोटो काढा, आम्हाला बघायचाय.

गोदाकाठची
@उंटावरचा शहाणा, सेक्रेटरी बाईच आहेत, त्या करतील सही. ताई, हे आमच्या यादीत नव्हतंच. मापांचं कसं करायचं?

लातूरची सून
कापडीला माझं मत. पाकिटं संपतात, कापडी पॅड दोन-तीन वर्षं जातो. एकीला चार-पाचचा संच दिला की झालं. शिवाय गावात कचरागाडी नाही. पाकिटातला पॅड जवळजवळ सगळा प्लास्टिक, तो उकिरड्यावर जातो आणि कुत्री ओढत वेशीपर्यंत आणतात. जाळायला बायका तयार नसतात, जाळलं तर मूल होत नाही असं सासवांनी डोक्यात घातलेलं. आमच्याकडं बचत गटानं जुन्या सुती साड्यांचे शिवले होते. चांगले चालले.

शून्य पाऊस
लातूरची आणि कापडी पॅड म्हणतेय! २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तुमच्या गावाला, विसरलात? टँकरमागं पळणाऱ्या घरात रक्ताचं कापड धुवायला बादली कोण देणार? प्यायला दोन हंडे, गुरांना एक, आणि सुनेच्या कापडाला उरलेलं काय, तर भांड्यांचं खरकटं पाणी.

लातूरची सून
विसरले नाही. त्या उन्हाळ्यात मीच घागर घेऊन रांगेत होते. पण वर्षाचे बारा महिने काही दुष्काळ नसतो. जून ते जानेवारी कापडी, उन्हाळ्यात पाकिटं, असं का नाही करता येणार? सगळं एकाच मापानं मोजायची काय हौस आहे?

शून्य पाऊस
हे पटलं. ऋतूप्रमाणं पाठवणं कुणी करताना पाहिलं नाही, पण पटलं.

साधी शिक्षिका
उशिरा आले धाग्यावर, पण 'कुणाच्या हातात द्यायचं' यावर मला बोलायचंय.

आमच्या शाळेत एका शहरातल्या मंडळानं पॅडची खोकी आणून दिली होती. मोठा कार्यक्रम झाला. मुलींना ओळीनं उभं करून एकेकीच्या हातात पाकीट, बाजूला सरपंच, मागं फ्लेक्स. सहावीतल्या एका मुलीनं पाकीट फ्रॉकच्या मागं लपवलं, तर फोटोवाला म्हणाला, "बाळा, समोर धर." तिचा चेहरा मी विसरणार नाही. उरलेली खोकी ऑफिसात गेली. तिथं लोखंडी कपाट, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. सर वाईट नव्हते. पण ऑफिसात जायचं, टेबलाशी उभं राहायचं, शेजारी कुणी पालक, कुणी केंद्रप्रमुख बसलेले, आणि त्यांच्यासमोर मागायचं. एकही मुलगी गेली नाही. कपाटात मावली नाहीत ती खोकी पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी रचली होती. पावसाळ्यात उंदरांनी आतला कापूस ओढून घरटी केली.

पुढं मी आणि दुसऱ्या बाईंनी मिळून मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवला. हवे तेवढे घ्या, विचारू नका, लिहू नका. पहिला डबा दोन दिवसांत रिकामा. सर म्हणाले, बघा, चोरी. मी म्हटलं, फुकट ठेवलेल्या वस्तूची चोरी कशी होते ते सांगा. मुलींनी आईसाठी नेले, बहिणीसाठी नेले, उद्या डबा रिकामा असला तर म्हणून जास्तीचे नेले. रोज भरत राहिलो. दोन-तीन महिन्यांत डबा आठवडाभर पुरायला लागला, कारण उद्याही मिळणार हे त्यांना कळलं.

खवचट काका
बाई, तुमचा अनुभव मानतो. पण लोकांचा पैसा आहे. नोंदवही नको, सही नको, मग हिशेब कसा द्यायचा? उद्या कुणी म्हणेल, खोकी बाजारात विकली.

साधी शिक्षिका
काका, डब्यात किती भरले ते लिहा ना. कुणी घेतले ते कशाला? शाळेतल्या खडूचा हिशेब आम्ही खोक्यांनी ठेवतो. कुठल्या बाईंनी फळ्यावर किती खडू झिजवला, हे कुणी विचारत नाही.

खवचट काका
बरं. भरल्याची नोंद, वापरल्याची नाही. मान्य.

जालन्याचा भाऊ
काका दुसऱ्यांदा 'मान्य' म्हणाले की धागा कुलूपबंद करावा, असा नियम आहे.

खवचट काका
पहिल्यांदा कधी म्हणालो होतो?

कोयत्याचा पोरगा
इथं ऊसतोडीचं निघालं म्हणून लिहितो. माझे आई-बाप दोघं कोयत्यावर. मीपण लहानपणी पाच-सहा हंगाम त्यांच्यासंगं कारखान्यावर होतो, नंतर हंगामी वसतिगृहात राहिलो. आता बँकेत आहे. आईला फोन करून विचारलं, म्हटलं असं असं लोक विचारायलेत, काय पाठवू दे? आधी लाजली. मग बोलली ती बोललीच.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असती. एक दिवस खाडा झाला की दंड बसतो, तो उचलीत धरतात. त्यामुळं पाळी असो, ताप असो, फडात जावंच लागतं. पहाटे चारला सुरुवात. बाप तोडतो, आई पाचट काढती, मोळी बांधती, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढती. आसपास सगळी माणसं. फडात आडोसा म्हणजे उभा ऊस, आणि तो तर तोडत चाललेला. मग पॅड बदलायचा कुठं? सकाळी लावलेला सांजंपर्यंत तसाच. घामानं आणि रगताने तो फुगतो, कड कडक होती, मांड्या सोलून निघतात. आई म्हणाली, पॅड एक वर्ष वापरून पाहिले, सोडून दिले. तिच्या मतानं जुन्या लुगड्याचं धडपं बरं, ते मऊ तरी असतं.

पण धडप्याचीपण गत बघा. कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, पाणी म्हणजे शेतकऱ्याची मोटार चालू असली तर. रात्री अंधारात धुवायचं, साडीच्या खाली झाकून वाळत घालायचं. थंडीत दव पडतं, सकाळी ओलंच. ओलंच लावून पुन्हा फडात. खाज सुटती, पांढरं जातं, मग दवाखाना, आणि दवाखान्यात काय होतं ते बीडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

आईची यादी: गडद रंगाचं मऊ सुती कापड, जास्तीच्या चड्ड्या, साबण, झाकणाची एक बादली जी फक्त याच कामाची, आणि मांड्यांना लावायला काहीतरी. पॅड दिलेच तर हंगामाला निघायच्या आधी एकदम द्या, तिकडं कोण पोचवणार. "आनि माझं नाव नको टाकू," असंही म्हणाली.

गोदाकाठची
तुमच्या आईंना नमस्कार सांगा. माझ्याच गावातून दरवर्षी ट्रॅक्टर भरून बायका जातात आणि यातलं निम्मंही मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाई
कोयत्याच्या पोरानं जिथं थांबवलं तिथून पुढं. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, यावर २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तेव्हा बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांत एक. देशभर १५ ते ४९ वयात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली.

आता वर्गणीवाल्या मंडळींना एक विनंती. 'पॅड द्या, गर्भाशय वाचवा' असले फ्लेक्स कृपा करून लावू नका. पिशव्या निघाल्या त्या पॅड नव्हते म्हणून नव्हे. खाडा परवडत नाही, साध्या पांढऱ्या पाण्याला 'कॅन्सर होईल' म्हणून घाबरवलं जातं, लग्न सोळाव्या वर्षी आणि तिशीच्या आत मुलं होऊन गेलेली असतात, त्यामुळं 'आता पिशवी कशाला हवी' असं बाईलाही वाटतं. पिशवी काढल्यावर पुढं चाळिशीच्या आत हाडं दुखतात, घाम फुटतो, आणि काम तेच. पॅडनं यातलं काही सुटत नाही. तरी पॅड द्यावेत, कारण डाग न पडता दिवस काढणं ही स्वतःची अशी एक गरज आहे. तिला दुसऱ्या कुठल्या आजाराचा टेकू लागत नाही.

कापडाबद्दल: कापड वाईट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं. साबणानं धुतलं आणि उन्हात खडखडीत वाळलं तर काही होत नाही. अडतं ते उन्हापाशी. चारचौघांत दोरीवर ते घालता येत नाही म्हणून ते साडीखाली, खाटेखाली, पत्र्यामागं जातं. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायला हवं.

नांदेडची मुग्धा
आणि कप? मी गेली काही वर्षं वापरते, मला सोन्यासारखा वाटतो. केरळात आलप्पुळ्यात २०१९ ला पाच हजार कप वाटले होते. कुंबळंगी ही पंचायत तर २०२२ मध्ये पॅडमुक्त जाहीर झाली.

डॉक्टरीणबाई
मागणाऱ्या बाईला जरूर द्या, शिकवून द्या. आठ ते बारा तास चालतो, एक कप काही वर्षं पुरतो, फडातल्या बाईला तर खरं म्हणजे सोयीचाच. पण प्रत्येक पाळीला उकळावा लागतो. कोपीवर चहाच्या पातेल्यात तो उकळलेला सासूला दिसला तर काय होईल, ते तुम्हीच सांगा. आठवीच्या मुलींना सरसकट वाटू नका. वस्तू चांगली असली तरी आईच्या मनात भलतीच भीती बसेल आणि पुढची पाच वर्षं तुम्हाला शाळेचं दार उघडणार नाही.

जालन्याचा भाऊ
अवांतर: मेडिकलमध्ये बायकोसाठी पॅड घ्यायला गेलो, तर त्यानं आधी वर्तमानपत्रात गुंडाळला, मग काळ्या पिशवीत घातला, मग वर स्टेपलर मारला. शेजारी एक जण गुटख्याची माळ गळ्यात घालून निघाला, त्याला कुणी पिशवी विचारली नाही.

उंटावरचा शहाणा
काळ्या पिशवीमुळंच कळतं की आत काय आहे. पारदर्शक दिली असती तर लोकांना पाव वाटला असता.

शून्य पाऊस
स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२२ पासून कायद्यानंच फुकट मिळतात, शाळेत, सार्वजनिक इमारतींत. कुणी कुणाला विचारत नाही. इथं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये केंद्राला शाळकरी मुलींसाठी एकसारखं धोरण करायला सांगितलं. काकांचा पहिला मुद्दा त्या अर्थानं बरोबर आहे, वर्गणीनं पिढ्या निघत नाहीत.

खवचट काका
चला, कुणीतरी आठवण ठेवली. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की वर्गणी पाठवा, पण त्यासोबत ग्रामपंचायतीला एक अर्जही पाठवा. वित्त आयोगाचा निधी पंचायतीकडं येतो, त्यातून शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी, दाराला आतून कडी आणि झाकणाची कचराकुंडी मागा. ग्रामसभेत मागा, ठरावात लिहून घ्या. तुमच्या पॅडला पुण्यातून यावं लागतं, कडीला नाही.

अंगणवाडीताई
काका, कडीवर मात्र लाख मोलाचं बोललात. आमच्याकडं दाराला कडीच नाही, एक पोरगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. दार धरायला मैत्रीण नसेल तर जातच नाहीत, सकाळपासून पाणी पीत नाहीत.

साधी शिक्षिका
आणि विल्हेवाट. आम्हाला पॅड जाळायचं यंत्र मिळालंय, त्याच्यावर हार वाळलाय. वीजजोडणी नाही. सध्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, आणि शाळेच्या मागं खोल खड्डा. प्लास्टिक आहे, कुजणार नाही हे माहीत आहे. निदान कुत्री उकरत नाहीत. म्हणूनच लातूरच्या ताईंचं म्हणणं मला पटतं, ज्यांच्या घरी पाणी आहे त्या मुलींना कापडीचा पर्याय द्या. पण मुलीला विचारून. आपण ठरवून नको.

लातूरची सून
शिवायला बचत गट हवा असेल तर आमचा आहे. सुती कापड तुमचं, शिलाई बाजारभावानं. फुकट शिवणार नाही, आधीच सांगते. बायकांच्या नावानं उपक्रम आणि बायकांनाच मजुरी नाही, असं फार झालंय.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. काल ग्रुपवर हा धागा वाचून दाखवला, दीड तास भांडण झालं, पण एकदाचं ठरलं. शाळेसाठी जनऔषधीचे पॅड, वर्षभर दर महिन्याला, एकदम नाही. थोडे रात्रीचे मोठे. प्रत्येकीला तीन चड्ड्या. ज्या मुली मागतील त्यांना कापडी संच, लातूरच्या गटाकडून, मजुरी देऊन. ऊसतोडीच्या बायकांना निघण्याआधी कापड, चड्ड्या, साबण, बादली, मांड्यांसाठी व्हॅसलीन. फ्लेक्स नाही, फोटो नाही. फोटोवरून दोन देणगीदार नाराज झाले, त्यातल्या एकांनी पैसे परत घेतले. घेऊ देत. ग्रामपंचायतीचा अर्ज मी लिहितेय, काकांनी एकदा नजरेखालून घालावा.

आता अडलंय ते दोन गोष्टींवर. मापं कशी घ्यायची, आणि दर महिन्याला डबा भरणार कोण? शाळेत बाई एकच आहेत आणि त्यांची बदली होऊ घातलीय.

साधी शिक्षिका
मापं मुलींना विचारू नका, लाजतात आणि चुकीची सांगतात. इयत्तेप्रमाणं तीन मापं आणा, डब्यासारखीच एका खोक्यात ठेवा, त्या आपापली उचलतील. उरलेली दुकानदार बदलून देतो का ते आधी विचारा. आणि डब्याचं काम बाईंवर टाकूच नका, बदली होते, प्रशिक्षण लागतं, निवडणुकीची ड्यूटी लागते. आठवीच्या दोन मुलींना द्या, वर्ष संपताना त्या सातवीतल्या दोघींना शिकवून जातील. खोकी ठेवायला मात्र उंदीर पोचणार नाहीत अशी पत्र्याची पेटी लागेल.

खवचट काका
पेटी माझ्याकडून. अर्ज पाठवा, व्याकरण तपासून देतो.

कोयत्याचा पोरगा
आईनं विचारलंय बादली किती लिटरची देणार. म्हणाली लई मोठी नको, ट्रॅक्टरात आधीच संसार असतो. दहाची बास.